मिश्र गायकवृंदाचा जन्म २०२२ मधला नाही

मा. संपादक यांस,

रविवारच्या पुरवणीतील केंब्रिजच्या गायकवृंदांवरचा लेख वाचला आणि सोमवारचा सबंध दिवस चिडचिडीत गेला. रँग्लर परांजपे ज्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले त्याबद्दल मराठी माणसाला जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. पण म्हणून केंब्रिजमध्ये स्त्री-पुरुषांनी एकत्र गाण्याची प्रथा त्या कॉलेजाने २०२२ मध्ये पाडली, असे छापून टाकणे काही बरे नाही. लहान मुलगे आणि पुरुष यांच्या आपल्या जुन्या वृंदात सेंट जॉन्सने त्या वर्षी मुली आणि स्त्रिया घेतल्या, एवढेच घडले. चांगलेच झाले. परंतु क्लेअर कॉलेजाच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, मिश्र वृंद सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच गाऊ लागला होता आणि ट्रिनिटी कॉलेजात तिथले संगीत-संचालक रिचर्ड मार्लो यांनी तो १९८२ मध्ये उभा केला.

याचे कारणही लेखात यायला हवे होते. किंग्ज आणि सेंट जॉन्स या कॉलेजांच्या स्वतःच्या शाळा आहेत. सर्वांत वरची ओळ गायला तिथली लहान मुले मिळत, आणि तिच्या खालची आल्टोची ओळ पुरुषच चोरट्या, म्हणजे मुद्दाम बारीक केलेल्या, आवाजात गात. ज्या कॉलेजांपाशी अशी शाळा नव्हती, त्यांना विद्यार्थिनी येऊ लागल्याबरोबर सोप्रानो (वरची ओळ गाणाऱ्या) आणि आल्टो घरच्या घरी मिळाल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे ती गरजवंतालाच आधी सुचली.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९७६ ते १९७९ या काळात मी तिथे गणितात संशोधन करत होते. क्लेअरच्या चॅपलबाहेरच्या अष्टकोनी दालनात ओव्हरकोटासकट बसून, तिथले संगीत-संचालक जॉन रटर यांच्या हाताखाली गाणारी मुले-मुली मी ऐकलेली आहेत. समोरासमोरच्या बाकांवर ती उभी असत आणि लांब झग्यांखालून सायकलीवरच्या चिखलाने माखलेले बूट दिसत. त्या भरात मीही एका कॉलेजात आवाजाची परीक्षा द्यायला गेले. कॉलेजाचे नाव सांगत नाही, कारण नापास मी झाले, कॉलेज नव्हे. पियानोवर बसलेल्या गृहस्थांनी हाती एक कागद दिला आणि तो पाहून गायला सांगितले. भातखंड्यांची स्वरलिपी मला झोपेतही वाचता आली असती, पण पाच रेघांवर चढलेल्या त्या मुंग्या काही केल्या वाचता येईनात. मग ते सौजन्याने म्हणाले, “तुम्हाला येते ते गा.” मी भूप गायले. “पट्टी कोणती?” या प्रश्नाला मी सवयीने “काळी चार” असे उत्तर दिले. ते गृहस्थ पियानोच्या तमाम काळ्या पट्ट्यांकडे पाहतच राहिले. शेवटी मी पुढे होऊन, दोनांच्या जोडीपासून मोजून, चौथी काळी दाबून दाखवली. “म्हणजे ए फ्लॅट!” असे म्हणून ते मनापासून हसले, आणि मीही हसले.

मला घेतले नाही, ते रास्तच होते. पण बाई आहे म्हणून मला कोणी दारातून परत पाठवले नाही, आणि ही गोष्ट १९७७ सालची आहे. सेंट जॉन्समध्ये तेव्हा पदवीच्या वर्गांना मुलींना प्रवेशसुद्धा नव्हता. तो १९८२ मध्ये मिळाला, आणि तिथून कॉलेजाच्या मुख्य वृंदापर्यंत पोहोचायला स्त्रियांना आणखी चाळीस वर्षे लागली. आपल्या लेखकमहाशयांनी या चाळीस वर्षांना “परंपरेचा हळुवार विस्तार” असे गोंडस नाव दिले आहे.

याहून मोठी गोष्ट तर त्यांनी गाळलीच. मुख्य वृंद मुलगे आणि पुरुष यांचाच असल्यामुळे सेंट जॉन्समध्ये २०१३ पासून सेंट जॉन्स व्हॉइसेस नावाचा विद्यार्थ्यांचा वेगळा मिश्र वृंद होता. संगीताच्या इतर प्रकारांनाही वाव मिळावा, असे कारण देऊन कॉलेजाने तो २०२४ मध्ये बंद केला. विद्यार्थ्यांनी केलेला विरोध कामी आला नाही. बारशाचे पेढे वाटणाऱ्या लेखात या तेराव्याचा उल्लेख एका ओळीनेही असू नये?

आता छायाचित्राबद्दल. “सेंट जॉन्सचे चॅपल” म्हणून आपण जे छापले आहे, ते चार कोपऱ्यांवर चार मनोरे असलेले किंग्जचे चॅपल आहे. सेंट जॉन्सच्या चॅपलला एकच उंच चौकोनी मनोरा आहे आणि तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रचला, ज्यांच्या आराखड्यावरून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. निदान मुंबईहून निघणाऱ्या वृत्तपत्राने तरी या घराण्याची ठेवण ओळखायला हरकत नव्हती.

माझ्या मागच्या पत्रातील शेवटची चार वाक्ये आपण जागेअभावी गाळली होती. याही वेळी काही गाळणे भागच असेल, तर काळी चारचा मजकूर खुशाल गाळावा, सालांना मात्र हात लावू नये.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे