रॉक क्रॉलर खडकावर चालवला म्हणून वॉरंटी नाकारली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: १/१० स्केलची आरसी रॉक क्रॉलर गाडी (रिमोटवर चालणारी, खडकांवर चढायची छोटी गाडी). ओल्या खडकावर चढत नाही, स्टेअरिंगचा सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) तुटला, बॅटरी फुगली आणि सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली.

नमस्कार सर / मॅडम,

मी साताऱ्यातून लिहितोय. दसऱ्याच्या आधी तुमच्या साइटवरून ही गाडी घेतली, २६,५०० रुपयांना, ओव्हरटाइमचे पैसे साठवून. मी इथं एमआयडीसीत टूलरूमला आहे, पोरगं आठवीत आहे आणि आम्हा दोघांनाही या गाड्यांचं वेड आहे. दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा करून घरी आलो तर पोरानं गाडी पाटावर ठेवून तिलाही झेंडूचा हार घातलेला. इतक्या मायेनं घेतलेली वस्तू आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कृपया शेवटपर्यंत वाचा आणि मागच्या दोन मेलला आलं तसं ठरावीक उत्तर पाठवू नका.

बॉक्सवर तुम्ही काय छापलंय ते आधी सांगतो. "६० अंशांची चढण", "ओले खडक, चिखल, पाणी", "वॉटरप्रूफ", "हाय टॉर्क मेटल गिअर सर्वो" आणि खाली मोठ्या अक्षरात बॉक्समधून काढा आणि चालवा. म्हणून आम्ही एकही पार्ट बदलला नाही, एक स्क्रूसुद्धा नाही, जशी आली तशीच टेस्ट केली.

पहिल्या दिवशी यवतेश्वरच्या घाटाजवळ कोरड्या कातळावर नेली. तिथं गाडी चांगली चालली हे मी मान्य करतो. चारही चाकं एकत्रच फिरतील अशी लॉक असल्यामुळं एक चाक हवेत गेलं तरी बाकीची तीन ओढत राहतात, चेसिस दणकट आहे, एक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लिंक वाकल्या नाहीत, गिअरबॉक्सचा आवाज नाही. पोरगं तर हरखून गेलं होतं. वर कासला नेली नाही, ते फुलांचं पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथल्या कातळावर चाकं फिरवायची नसतात हे पोराला पण माहीत आहे.

पुढच्या रविवारी वेण्णेच्या पात्रात गेलो, माहुलीच्या संगमाच्या बरंच अलीकडं, देवळांपासून लांब. पाऊस संपून पाणी उतरलं की तिथले काळे धोंडे उघडे पडतात आणि त्यांच्यावर शेवाळं असतं, बोट फिरवलं तर हिरवट बुळबुळीत थर बोटाला येतो. माणूस चपलेनं चालला तर पडतोच. अशाच दगडासाठी ही गाडी आहे असं तुमचा बॉक्स म्हणतो. मोबाइलवरच्या लेव्हलच्या अ‍ॅपनं मी प्रत्येक दगडाचा उतार मोजून वहीत लिहिला. २५ अंशाला गाडी चढली, ३० ला दोन-तीन प्रयत्नांत चढली, ३८ अंशाचा एक धोंडा होता तिथं मात्र पुढची चाकं वीतभर वर जायची, मग चारही चाकं जागेवर गरागरा फिरायची आणि गाडी मागं घसरायची. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

आता ६० अंशांचा हिशोब बघा. ४५ अंशाच्या उतारावर टिकायला चाक दगडावर जेवढं दाबलं जातं तेवढीच पकड लागते आणि ६० अंशाला त्याच्या पावणेदोन पट. शेवाळलेल्या दगडावर तुमच्या टायरची पकड त्याच्या जवळपाससुद्धा नाही. टायरचं रबर कडक आहे, नख रुतत नाही, आतला फोम पण कडक त्यामुळं टायर दगडाला चिकटून दबतच नाही, नुसत्या वरच्या बटनांसारख्या उंचवट्यांच्या टोकावर उभा राहतो. कराडचा एक मित्र सोबत होता, त्याच्याकडं त्याच १.९ इंचाच्या मापाचे मऊ टायर रिमसकट होते, ते चढवले. गाडी तीच, बॅटरी तीच, दगड तोच, चालवणारा पण मीच आणि ३८ अंशाचा धोंडा दहापैकी सहा वेळा चढली. म्हणजे मोटर कमी नाही, टायर कमी आहे. घरी येऊन किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं तर पुढच्या चाकांवर १ किलो १८० ग्रॅम आणि मागच्यावर १ किलो ५२०, कारण बॅटरीचा ट्रे मागं दिलाय. क्रॉलरला वजन पुढं लागतं, नाहीतर चढावर तोंड उचलून गाडी उलटी पडते, ही या छंदातली अगदी पहिली गोष्ट आहे आणि ती तुमच्या डिझाइन करणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

इथपर्यंत मी समजून घेतलं असतं, टायर पुढंमागं बदलले असते. खरी तक्रार पुढं आहे.

त्याच दिवशी पात्रातच मित्राचे टायर काढून परत तुमचेच लावले आणि तासाभरानं दोन धोंड्यांच्या फटीत पुढचं चाक अडकलं. पुढचा एक्सल लॉक असला की स्टेअरिंगला जोर जास्त लागतो, त्यात चाक फटीत. मी स्टेअरिंग एकदाच फिरवलं, कर्र असा आवाज आला आणि त्यानंतर चाकं आपोआप डावीउजवीकडं लटकायला लागली. घरी पेपर पसरून सर्वो उघडला. बॉक्सवर मेटल गिअर लिहिलंय ना सर, आत फक्त शेवटचा गिअर पितळी आहे, त्याच्या आधीचे तिन्ही पांढऱ्या प्लास्टिकचे आहेत. तिसऱ्या गिअरचे सलग चार दात साफ गेलेले आणि ग्रीसमध्ये मिठाच्या खड्यासारखा पांढरा चुरा. माझं आयुष्य गिअर आणि डाय बघण्यात गेलंय, तुटका दात कुठल्या कारणानं तुटलाय ते मला कळतं, हा मटेरियल कमी पडून तुटलेला दात आहे. आत पाण्याचा थेंब नव्हता, गंज नव्हता, फोटो जोडलेत.

आणि बॅटरीबद्दल, हे कृपया दोनदा वाचा कारण यात लहान पोरांचा संबंध आहे. गाडीसोबत तुम्ही दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी देता, पण स्पीड कंट्रोलरवरची (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज सांभाळणाऱ्या डबीवरची) जी छोटी पिन असते बॅटरीचा प्रकार निवडायची, ती माझ्या गाडीत निकेलच्या बॅटरीवर लावलेली आली. त्यामुळं लिपोचा चार्ज उतरला तरी गाडी बंद पडली नाही, चालतच राहिली. नंतर मीटर लावला तर एका सेलला २.६ व्होल्ट, लिपोचा सेल ३ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी बॅटरी पुरीसारखी फुगलेली. पोरगं ती चार्जिंगला लावायच्या बेतात होतं, मी घरात होतो म्हणून हातातनं काढून घेतली. फुगलेली लिपो चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते, मी सेकंड शिफ्टला असतो तर काय झालं असतं याचा विचार करून मला दोन रात्री झोप लागली नाही. मॅन्युअलमध्ये त्या पिनबद्दल एक ओळ नाही.

हे सगळं घेऊन तुमच्या सर्व्हिस सेंटरला पार्सल केलं. अकरा दिवसांनी फोन आला, गाडी ओल्या खडकावर चालवलेली दिसते, हा चुकीचा वापर धरला जातो, वॉरंटी बसत नाही. मी विचारलं, सर मग ही गाडी कुठं चालवायची? तर म्हणाले, सपाट जागेवर, गार्डनमध्ये वगैरे. पोरगं शेजारी उभं होतं, फोन स्पीकरवर होता. तो मला म्हणाला, पप्पा मग बॉक्सवर दगडाचा फोटो का आहे. मला त्याला उत्तर देता आलं नाही सर, ते उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

माझं मागणं एवढंच आहे की सर्वो बदलून सगळे गिअर धातूचे असलेला द्या, जो बॉक्सवर लिहिलाय तो, बॅटरी नवीन द्या, आणि हे जमत नसेल तर गाडी परत घेऊन पूर्ण पैसे द्या. टायरचे पैसे मी मागत नाही पण ६० अंश आणि ओले खडक ही जाहिरात काढा, नाहीतर त्या लायकीचे टायर आणि फोम घालून गाडी विका. आणि त्या पिनबद्दल, माझं काही करा न करा, ज्या ज्या माणसाला ही गाडी विकली त्या प्रत्येकाला मेसेज करून फोटोसकट कळवा, मराठीत हिंदीत जसं जमेल तसं, हे उद्याच्या उद्या करा.

१५ दिवसांत लेखी उत्तर हवंय. नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, २०१९ च्या ग्राहक कायद्यात राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी पण नाही. दिशाभूल करणारी जाहिरात हा मुद्दाही त्यात घालीन. बिल, बॉक्सचे फोटो, उताराची मोजमापं लिहिलेली वही, तुटलेल्या गिअरचे फोटो आणि वेण्णेतले व्हिडिओ सोबत जोडलेत. तुटका गिअर मी एका डबीत ठेवलाय, मागाल तेव्हा पाठवीन. फुगलेली बॅटरी मात्र कुरियरनं पाठवता येणार नाही, ती वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवलीय, ती कशी न्यायची ते तुम्ही कळवा.

कळावे,
आपला ग्राहक, सातारा
(ऑर्डर नंबर आणि फोन नंबर मेलच्या विषयात दिला आहे, दुपारी तीनच्या आधी फोन करा, नंतर ड्युटीवर मोबाइल आत नेता येत नाही)