तोंडातील व्रणांसाठी वनस्पतिजन्य पट्टी

महोदय,

तोंड आल्यावर लावलेले जेल लाळेबरोबर लगेच वाहून जाते. म्हणूनच ज्येष्ठमधाचा किंवा हळदीचा अर्क कायटोसनसारख्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या) चिकटणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळून, व्रणावर काही तास टिकणारी पातळ पट्टी विकसित करण्याच्या प्रयत्नांचे मी मनापासून स्वागत करतो. बाहेरून पाण्यात न विरघळणाऱ्या इथाइल सेल्युलोजचा थर दिल्यास औषध लाळेत न मिसळता मुख्यतः व्रणाकडेच झिरपते आणि तिखट घासाची झोंबही कमी होते. मात्र हळदीतील कर्क्युमिन हा औषधी घटक पाण्यात जेमतेम विरघळतो, शिवाय अर्काची तीव्रता हंगामागणिक बदलते. त्यामुळे प्रत्येक पट्टीत औषधाची मात्रा सारखी असल्याचे सिद्ध केल्याविना, केवळ ‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर ती विकली जाऊ नये. ३ आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा, अशी ठळक सूचनाही वेष्टनावर असलीच पाहिजे.

– एक वाचक