चवथीतला सिनेमा

प्रिय बाळ्या,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, शिव्या घालून घे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, हिचा गुडघा पावसात कुरकुरतो तसा कुरकुरतोय.

यंदा चवथीला घर भरलं होतं. गणपतीवरची माटोळी, फळापानांची, दादानेच बांधली, वाकडी. आरत्या झाल्या, मातीचं घुमट बडवून हात सुजले, नेवऱ्यांचा डबा फिरला आणि भाच्याने प्रोजेक्टर काढला. "मामा, आज एक मास्टरपीस दाखवतो." मधल्या खोलीच्या भिंतीवर 'द विच' लागला. रॉबर्ट एगर्सचा पहिला सिनेमा. त्याला २०१५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं हे भाच्याने आधीच ऐकवलं. चवथीत चेटकीण! वहिनी जी उठून आत गेली ती भांडी आपटत राहिली.

तुला भुताखेतांच्या सिनेमाचा किती पुळका ते ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १६३० च्या सुमाराची अमेरिका. एक बाप धर्मावरून वस्तीतल्या लोकांशी भांडतो, वस्ती त्याला हाकलते. तो बायकापोरं घेऊन रानाच्या कडेला घर बांधतो. मोठी मुलगी तान्ह्या भावाशी कुक-भॉक खेळत असते, डोळ्यांवरचे हात काढते तर पोर नाही. मग तासभर म्हटलं तर काहीच घडत नाही. मका कुजतो, प्रार्थना होतात, आई रडते, एक काळा बोकड रोखून बघतो. दिवसा ढगाळ उजेड, रात्री मेणबत्ती.

आमचं प्रेक्षागृह म्हणशील तर दादा घोरायला लागला. पोरं मोबाइलमध्ये. धाकटी दर पाच मिनिटांनी, "भूत कधी येणार?" शेजारचे काका (तेच, तुझ्या सायकलची हवा काढणारे) बोकड दिसला की म्हणायचे, "बरा पोसलाय हां, वीस किलो तरी मटण पडेल." त्या बोकडाने शूटिंगमध्ये बापाचं काम करणाऱ्या नटाला खरोखरच ढुसण्या दिल्या होत्या, असं भाच्याने सांगितलं, तेव्हा कुठे खोलीत जरा जान आली. तिकडे अमेरिकेतही समीक्षक नाचत होते आणि थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत सी मायनस दिली होती, म्हणे. म्हटलं, आमच्या घरात नापासच धर.

मला मात्र राग आला, आणि तो तुलाच कळेल. साल गावच्या गडे-उत्सवाला आपण रात्र रात्र काय बघत बसायचो रे? काळोखात डोंगराकडे तोंड करून हजारो माणसं. देवचार, गावचा राखणदार, गड्यांना रानात नेणार, बाकीचे शोधून आणणार, आणि आपण एखादी पेटती चूड हलली का म्हणून डोळे ताणायचे. "कधी येणार" असं कोणी विचारलेलं आठवतं? आता दीड तास धीर नाही. (आणि त्या रात्री आधी तू पळालास. मी तुझ्या मागे आलो, तुला आणायला. हे मी मरेपर्यंत सांगणार.)

पण हे सगळं तोंडलावणं. मुद्दा आईचा.

ती शेवटपर्यंत बसली. मी बाजूला बसून संवाद सांगत होतो. ते जुनं इंग्रजी माझ्याही डोक्यावरून जात होतं, निम्मं मी ठोकून दिलं. पोर नाहीसं झालं तिथे तिने माझा दंड धरला. म्हटलं घाबरली. तर म्हणते, "गावात सांगायला कोण कसं गेलं नाही?" मी म्हटलं, अगं, त्यांना गावाने हाकललंय. "मग देवाकडे गाऱ्हाणं?" म्हटलं, घालतायत की, दिवसभर तेच चाललंय. "तसं नव्हे. चार माणसं हवीत गाऱ्हाण्याला. एकट्याने घातलं तर ते रडणं." पुढे चेटकीण आली, रक्त आलं, बोकड बोलला, बाई ढिम्म. तिच्यापुरता सिनेमा त्या पोरापाशीच संपला होता.

चवथ विसर्जन झाल्यावर गाड्या एकेक करून गेल्या. मी एक दिवस मागे राहिलो. तुझ्या घराला कुलूप, मास्तरांच्या घराला कुलूप, काकाही आता मुलाकडे म्हापशाला जाणार. मागे सुपारीचं कुळागर आणि त्यामागे रान. फोंड्याला चल म्हणून मी आईकडे पुन्हा विषय काढला. ती पीठ मळत होती. देवचाराला ठेवायचा रोंट, जाडसर भाकरी, थापला, केळीच्या पानात घेतला, वर विडी ठेवली आणि निघाली दगडी गडग्याकडे. चिखलातून, एका हातात छत्री. बाबांनी ते बंद केलं होतं ना, तू त्यावर त्यांच्याशी तावातावाने भांडला होतास, आणि मी बाबांच्या बाजूने. ते गेल्यावर तिने परत सुरू केलं आणि कोणाला सांगितलं नाही. परत आली, पाय धुतले आणि म्हणाली, "मी गेले तर हे कोण ठेवणार? आणि मी एकटी कुठाय? रात्री काठी वाजते त्याची, घुंगरांची. एक फेरी मारून जातो."

काय बोलणार? डॉक्टरला सांगितलं तर तो कान तपासायला सांगेल. दादाला सांगितलं तर तो दुसऱ्याच दिवशी भाटाची बागायत विकायला काढेल, त्याला निमित्तच हवंय. त्या रात्री मी जागा राहिलो. बेडूक, पाऊस, पन्हळीचं पाणी. काठी नाही. बाळ्या, खरं सांगू, वाजली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मी, बाबांचा मुलगा! ती घाबरत असती तर गाडीत घालून आणली असती. घाबरत नाही तिचं काय करू?

लेकीला बारावीला चांगले मार्क पडले, कळलं. अभिनंदन. पुण्यातच ठेव, होस्टेलचा खर्च वाचेल. नव्या फ्लॅटचं लोन झालं का? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. आईला फोन लाव. माझं नाव काढू नकोस. दिवाळीला पुण्यात महिनाभर येऊन राहा म्हणून सांग, फराळाचं निमित्त काढ, लेक आठवण काढते म्हण. तुला ती नाही म्हणत नाही, मला म्हणते. रोंटाचं विचारलंच तर सांग, तेवढा महिना मी जाऊन ठेवीन. थापायला मात्र तिच्याकडून शिकून घ्यावं लागेल. घरात रेंज नसते, तेव्हा लँडलाइनवर कर, आणि साडेसातच्या आत. नंतर तिची मालिका लागते.

तुझा,
मी