वायरच्या आधी वाट विचारणाऱ्या काकांना

वायरमन काका,

सप्रेम नमस्कार.

काम झालं, हिशेबही चुकता झाला, आभार मात्र राहून गेले. ते चारचौघांत मानायचे म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. घराबाहेर दिवा, पंप किंवा प्लग नेण्याच्या तयारीत असलेल्यांनाही तुम्ही मला समजावलेलं उपयोगी पडेल.

वाटेच्या कडेने दिवे आणि बागेच्या टोकाला पंपासाठी एक पॉइंट, एवढंच काम होतं. "कितीची वायर आणू?" असं मी विचारलं, तर तुम्ही उलट विचारलंत, "जाणार कुठून?" मग मोजपट्टी घेऊन सगळी वाट चाललात. भिंतीवर ऊन कुठे पडतं, पाणी कुठे साचतं, पुढेमागे कुदळ कुठे चालेल, सगळं बघितलंत. वायरीचा विषय त्यानंतर निघाला. माझ्या मते बाहेरच्या कामातली निम्मी अक्कल याच क्रमात आहे.

भिंतीवर आधी कुणीतरी ओढलेली एक जुनी वायर होती. तिचा तुकडा तुम्ही माझ्यासमोर वाकवलात. सावलीतला भाग मऊ होता, उन्हातल्या भागाला लगेच तडे गेले. भिंतीतल्या पाइपात वर्षानुवर्षं टिकणारी साधी पीव्हीसी वायर उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होते आणि त्या तड्यांतून ओल थेट तांब्यापर्यंत जाते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. बाहेरच्या केबलचं आवरण बहुतेक वेळा काळं का असतं, तेही कळलं: त्यात मिसळलेला कार्बन ते किरण स्वतः शोषून घेतो.

जमिनीखालच्या भागाला तुम्ही आर्मर्ड केबलच हवी म्हणालात आणि मागे हटला नाहीत. साधी वायर पाइपात घालून पुरली तर काय बिघडतं, हे मी विचारलं होतं. पाइप कितीही बंद केला तरी आतली हवा गार झाली की पाणी सुटतं, म्हणून जमिनीतला पाइप आतून ओलाच असणार असं धरून चालायचं, हे तुमचं उत्तर मी विसरणार नाही. आर्मर्ड केबलमध्ये तांब्याच्या कोअरभोवती पोलादी तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच असतं. ते कवच ग्लँडमध्ये, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या घट्ट पकडीत, पक्कं बसवून अर्थिंगला जोडलंच पाहिजे, यावर तुमचा फार भर होता. कुदळ लागून फेज, म्हणजे करंटची तार, त्या कवचाला टेकली आणि कवचाला अर्थिंग नसलं, तर कवचातच करंट उतरतो. अर्थिंग असेल तर पुरवठा तिथल्या तिथे तुटतो. साधारण 60 सेंटिमीटर खोल चर, केबलच्या खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि धोक्याची पट्टी, आणि मध्ये एकही जॉइंट नाही. लांबी आधीच नीट मोजलेली असल्याने अखंड केबल आणता आली.

मग आला जाडीचा प्रश्न, आणि तुम्ही कागदावर आकडे मांडलेत. तो कागद मी जपून ठेवला आहे. दीडच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या, तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण 12 ओहम. पंप 40 मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 80 मीटर. 10 अँपिअर वाहिले तर 230 व्होल्टमधले जवळपास 10 व्होल्ट वाटेतच जातात. अडीचच्या वायरीत 6 जातात, चारच्या वायरीत 4 च्या आत. दीडची वायर तेवढ्या प्रवाहाने जळणार नाही, पण मोटर सुरू होताना कितीतरी पट प्रवाह ओढते आणि नेमक्या त्याच क्षणी तिला व्होल्टेज कमी पडतं. म्हणून चारची.

12 व्होल्टच्या बागेतल्या दिव्यांचं गणित तर मला चक्रावून गेलं. व्होल्टेज कमी म्हणजे बारीक वायर चालेल असं सहज वाटतं. पण 60 वॉटच्या दिव्यांना तिथे 5 अँपिअर लागतात. दीडच्या वायरीने 20 मीटर गेलं आणि सगळा भार टोकाला धरला, तर 12 मधले जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेत संपतात. टोकाचे दिवे मिणमिणतात त्याचं कारण बहुतेकदा वायरीतच असतं.

बॉक्स पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद न देणारा, आयपी 65 चा. केबल त्यात खालून घेतलेली, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी आत शिरत नाही. ही कामं तुम्ही न सांगता केलीत.

पंप सुरू होताना एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडू नये म्हणून जास्त अँपिअरचा बसवा, असा सल्ला मला कुणीतरी दिला होता. तुम्ही ठाम नकार दिलात. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. मोटरसाठी सी कर्व्हचा, म्हणजे सुरू होतानाचा क्षणभराचा जास्त प्रवाह सोसणारा, घ्यायचा, अँपिअर मात्र वायरीला झेपतील तेवढेच. शिवाय बाहेरच्या सगळ्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, तर तो पुरवठा तोडतो. ओल्या मातीत उभ्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह एमसीबीला कळतच नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बागेत खेळणारी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आली. काका, याच एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. त्याचं टेस्टचं बटण मी आठवणीने दाबून बघते.

आता मागच्या भिंतीवर दोन दिवे आणि फाटकाशी एक बेल करायची आहे. वाट मोजून ठेवली आहे, दुपारचं ऊन कुठे येतं तेही लिहून ठेवलं आहे. वायर अजून आणलेली नाही. तुम्ही सवडीने या, मग ठरवू.

तुमची आभारी,
बागेतल्या पंपवाली