गटकामाचं विचारलंत ना, बाबा

सोलापूर
२० जानेवारी २०२१

ती. आई-बाबांना नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की पोरं आपापल्या घरात बसून गटात काम कशी करतात आणि तेव्हा तू काय करतेस, आणि तेवढ्यात रेंजच गेली. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. अक्षर मोठं करून वाचा, नाहीतर दादाला वाचून दाखवायला सांगा.

पाचवी ते आठवीचे वर्ग २७ तारखेपासून सुरू होतायत पण आमच्या चौथीचं अजून काहीच नाही. कोरोनामुळे यंदा गड्ड्याची जत्रा पण भरली नाही, पोरं घरात बसून पार कोमेजलीत. झूमवर सगळा वर्ग घेतला तर फुकटची ४० मिनिटं, त्यातली निम्मी 'बाई आवाज येईना' मध्येच जातात आणि उरलेल्या वेळात सगळे नुसतं 'हो बाई' म्हणतात. काहीजण म्हणतात ऑनलाइनला गटकामाचा खटाटोप कशाला, स्वाध्यायाचे फोटो मागवा आणि मोकळे व्हा. मला ते अजिबात पटत नाही. वर्ष होत आलं, ही पोरं एकमेकांशी धड बोललेली नाहीत, आणि नऊ-दहा वर्षांचं पोर दुसऱ्या पोराशी वाद घालूनच जास्त शिकतं.

तर आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर करतो. त्यात आठच जण बसतात, मी चारच मुलं घेते. वेळ संध्याकाळी सातनंतरची, कारण फोन वडिलांकडे असतो आणि ते कारखान्यातून घरी आल्याशिवाय पोरांच्या हातात येत नाही. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांना जवळच्या वर्गमित्राच्या ओट्यावर मास्क लावून बसवते. नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवलेत, मोबाईल असो नसो पोरगं जाता येता वाचतं, मला फार आवडलं ते.

सध्या विषय पाण्याचा घेतलाय. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनीच येतो, त्यामुळे पोरांना यातलं सगळं माहिती असतं. नळ कधी आला, किती घागरी भरल्या, कशाला वापरल्या हे प्रत्येकाने लिहायचं आणि मग चौघांनी मिळून एक तक्ता करायचा. एकजण विचारणार, एकजण लिहिणार, एकजण बेरीज तपासणार, एकजण वर्गाला सांगणार, आणि दर वेळी कामं बदलायची. तक्त्यात घराचं नाव लिहायचं नाही हे मी पहिल्यापासून ठरवलंय, कारण कुणाकडे गच्चीवर टाकी असते आणि कुणाकडे दोन घागरी, त्यावरून कुणी कुणाला हिणवायला नको.

माझं काम म्हणाल तर काय करायचं ते नीट समजावून सांगायचं आणि मग माईक-कॅमेरा बंद करून कान देऊन ऐकायचं. वहीत चार नावं लिहिते, जो बोलेल त्याच्यापुढे एक टिंब. शेवटी ज्याच्यापुढे टिंबंच नाहीत त्याला पुढच्या वेळी विचारणारा करायचं. भांडण झालं तरी मी लगेच मधे पडत नाही, मिटवतात ती आपापसात. कुणी कुणाला हसलं तर मात्र त्या क्षणी माईक चालू करते.

आई, तुला एक सांगते. अशोक चौकाकडची एक मुलगी आहे, घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. मोठ्या वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. परवा गटात सगळे अडले की पाण्याच्या मोठ्या टिपाडात घागरी किती ते कसं धरायचं, कुणी दहा म्हणतंय कुणी तीस. तर ही हळूच तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दुसरीने सांगितलं, 'ती म्हणतीय टिपाड रिकामं असताना घागरीनं भरायचं आन मोजायचं, अंदाजे नाही लिहायचं.' मी गप्प बसले. बाकीच्या दोघांनी आपणहून आधीचे आकडे खोडले, नळ आल्यावर पुन्हा मोजायचं ठरवलं. आणि या वेळचे आकडे तिनेच वाचून दाखवले, मराठीत, न अडखळता! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

खरं अवघड काम मोठ्या माणसांचं आहे. कॅमेऱ्याच्या मागून कुजबुज ऐकू येते, 'सांग, बारा सांग', कधी वडीलच तक्ता लिहून देतात. अशा पालकांना पोरांसमोर काही बोलत नाही, नंतर वेगळा फोन करते की शेजारी बसा, पण उत्तर देऊ नका, चुकू दे त्याला. बहुतेकजण ऐकतात. काळजीपोटीच करतात ते.

बाबा, तुम्ही पाठवलेलं डिसले सरांचं कात्रण मुलांना दाखवलं. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या सरांनी ग्लोबल टीचर प्राइझ हे जगातलं एवढं मोठं बक्षीस मिळाल्यावर निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली, हे ऐकून सगळे एकदम गप्प झाले, मग एकाने विचारलं 'मग ते पण एकच गट झाले का बाई?'

आता तुमच्याकडे काम. पुढच्या गुरुवारी सात वाजता आईला कॉलमध्ये घेणार आहे. तुझ्या लहानपणी पाणी आडावरून कसं आणायचात, कोण शेंदायचं, उन्हाळ्यात काय करायचात हे पोरं विचारतील, तू फक्त विचारलं तेवढंच सांग, म्हणजे त्यांना पुढचे प्रश्न सुचतील. बाबा, फोन आधी चार्ज करून ठेवा आणि बीपीची गोळी चुकवू नका. शेंगाचटणी दादाबरोबर पाठवतेय.

तुमची लेक