मदतनिधीची खजिनदार झालेल्या माझ्या लेकीस

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. वाटपाच्या मैदानाच्या परवानगीसाठी लाच मागितली गेल्याचं कळलं. पैसे चारल्याशिवाय जिथे कागद हलत नाही, तिथे ‘पृथ्वीवर शांती’ कोणत्या तोंडाने गायची, असं तू विचारलंस. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता कळवलंस की, मंडळीने नाताळच्या मदतनिधीची खजिनदार म्हणून तुला नेमलंय. तू या दोन बातम्या वेगळ्या लिहिल्यास. मला त्या एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

नाताळच्या उपासनेत मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातलं बेथलेहेमचं वचन वाचतात ना, बेथलेहेमातून इस्राएलचा अधिपती निघेल असं सांगणारं, 5:2 चं? या वर्षी ते वाचण्याआधी 3:11 वाच. यरुशलेमचे प्रमुख लाच घेऊन न्याय देतात, याजक मोबदला घेऊन शिकवतात, संदेष्टे पैशासाठी भविष्य सांगतात आणि वर म्हणतात, परमेश्वर आमच्यातच आहे, आमचं काय वाईट होणार? पुढे सहाव्या अध्यायात खोटे तराजू आणि पिशवीतली लबाडीची वजनं येतात. बेथलेहेमचं वचन या दोहोंच्या मधोमध आहे. यशयाचंही तसंच. ‘आम्हांसाठी बाळ जन्मले आहे’ हे 9:6 मध्ये, पण 1:23 मध्ये अधिपती चोरांचे सोबती आहेत, सगळ्यांना लाच हवी आहे आणि विधवेची फिर्याद त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे ही आशा ज्यांनी लिहून ठेवली, ते तुझ्याइतकेच संतापलेले होते. तुझा राग नाताळच्या आड येतो असं समजू नकोस.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. बाळ येशूला शोधत पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक आले, तेव्हा हेरोद राजाने विचारल्यावर मुख्य याजकांनी आणि शास्त्र्यांनी हेच मीखाचं वचन बिनचूक सांगितलं. यरुशलेमहून बेथलेहेम जेमतेम 9 किलोमीटर. तरी त्यांच्यापैकी कोणी बघायला गेल्याचं मत्तयाने लिहिलेलं नाही. वचन तोंडपाठ आणि पाय घरात, हा धोका आपल्यालाही आहे.

आता निधीचं बघू. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, ती कशी नेली ते 2 करिंथ 8:18 ते 22 मध्ये बारकाईने वाच. पैसे त्याने एकट्याने हाताळले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ दिला, शिवाय आणखी एक. कारणही स्पष्ट लिहिलं: या मोठ्या रकमेबद्दल कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, प्रभूसमोरच नाही, माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं प्रेषिताने विचारलं नाही. तुझ्या समितीत हे वाक्य कोणी उच्चारलं, तर हा उतारा काढून पुढे ठेव. येशूच्या बारा जणांतही थैली एकाच्याच हाती होती आणि तो त्यातलं काढून घेत असे, हे योहान 12:6 सांगतं.

दानपेटीला दोन कुलपं लाव, किल्ल्या दोन घरांत ठेव. पेटी उघडताना एकमेकांचे नातलग नसलेली किमान दोन माणसं हवीत. नोटा मूल्यानुसार वेगळ्या करा, एकाने मोजायच्या, मग दुसऱ्याने पहिला आकडा न बघता मोजायच्या. जुळलं की तिथेच कागदावर तारीख, आकडी आणि अक्षरी रक्कम, दोघांच्या सह्या. मगच खोलीबाहेर पडायचं. पेटीतल्या पैशातून थेट खर्च करू देऊ नकोस, चहाचासुद्धा. सगळी रक्कम आधी बँकेत जाऊ दे, मग खर्चासाठी काढा. गडबड बहुतेक इथेच होते. ‘आत्ता देऊन टाकू, नंतर लिहू’ म्हणतात, महिन्याभराने कोणालाच काही आठवत नाही आणि भरून काढायला खोटी पावती बनते. ती बनवणारा दर वेळी चोर असतो असं नाही. आळशी माणूसही तिथे पोहोचतो. कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नकोस, पाळकांनी सांगितलं तरी.

लाभार्थींची यादी करताना आधी निकष ठरवा, ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि मगच नावं लिहायला घ्या. उलट क्रमाने केलं तर निकष नावांच्या मापाने बेततात. एखाद्या सदस्याच्या नातलगाचं नाव चर्चेला आलं की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं. मंडळीबाहेरची, दुसऱ्या धर्माची घरंही त्याच निकषाने तपास. भूक दाखला बघून लागत नाही.

वस्तूंचा हिशेब पैशांहून जास्त घसरतो, म्हणून त्याचं वेगळं रजिस्टर ठेव. समज, धान्याच्या 120 पिशव्या आल्या, 113 वाटल्या, तर उरलेल्या 7 कपाटात दिसल्याच पाहिजेत. फाटलेली, भिजलेली पिशवीही लिहायची. आणि पिशव्या भरताना अधूनमधून एखादी काट्यावर ठेव. ‘साधारण पाच किलो’ म्हणून हाताने भरलेल्या पिशव्या संध्याकाळपर्यंत हलक्या होत जातात, कारण भरणाऱ्याला शेवटी कमी पडायची भीती वाटते. आमोस 8:5 मध्ये एफा (धान्याचं माप) लहान आणि शेकेल (पैसे तोलायचं वजन) मोठा करणारे व्यापारी आहेत, आठवतात ना? त्यांनी ते मुद्दाम केलं, तुमच्याकडून नकळत होईल. पिशवी नेणाऱ्याच्या घरी मात्र दोन्हीकडून कमीच पोहोचतं.

मरीया आणि योसेफ मंदिरात बाळाला घेऊन गेले तेव्हा त्यांचं अर्पण होल्यांच्या जोडीचं किंवा पारव्यांच्या दोन पिल्लांचं होतं, हे लूक 2:24 मधून कळतं. लेवीय 12:8 प्रमाणे कोकरू परवडत नसेल त्या बाईसाठी ती सवलत होती. म्हणजे तुझ्या निकषात ते कुटुंब बसलं असतं. म्हणून वाटपाच्या दिवशी फोटो नकोत, पिशवीआधी भाषण नको, बॅनर नको. प्रत्येक घराला वेगळी वेळ दे म्हणजे रांगेत तिष्ठावं लागणार नाही. सही किंवा अंगठा घ्यायचाच, पण दुसऱ्यांची नावं दिसणार नाहीत असा कागद ठेव.

हिशेबात चूक सापडली तर लपवू नकोस. जकातदार जक्कयाने येशूसमोर चौपट परत करीन म्हटलं, ते निर्गम 22:1 मधल्या चोरलेल्या मेंढराच्या बदल्यात चार मेंढरांचं माप. पण गणना 5:7 मध्ये स्वतःहून कबूल करणाऱ्यासाठी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा आहे. वेळेवर कबूल करणाऱ्याला परत येण्याची वाट नियमशास्त्रानेही मोकळी ठेवली आहे. समितीतल्या कोणाचा पाय घसरला तर त्याला ही वाट दाखव, आणि तरीही पैसे मोजायचं काम त्याच्याकडे परत देऊ नकोस. क्षमा आणि किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मैदानाच्या परवानगीसाठी जे मागितलं गेलं त्याबद्दल. अर्ज लेखी दे आणि पोचेवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. ठरलेलं शुल्क किती ते लेखी विचार, तेवढंच भर, पावती माग. एकटी जाऊ नकोस. कोण काय बोललं ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह वहीत लिही. मध्यस्थाला फोन करायचा नाही, एकदासुद्धा नाही. आणि पुढच्या वर्षी अर्ज दोन महिने आधी टाक. लाच मागणाऱ्याचं खरं भांडवल तुझी घाई असते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना धंदा सोडा म्हटलं नाही, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटलं. त्या खिडकीमागच्या माणसाशीही असंच बोल, शत्रू समजून नाही.

एवढं करूनही परवानगी मिळेल असं वचन मी देत नाही. कैदेत असलेल्या पौलाने कैसरियात रोमी सुभेदार फेलिक्ससमोर आपण लोकांसाठी दानधर्म घेऊन आल्याचं सांगितलं होतं. तीच ही यरुशलेमची वर्गणी असणार. पुढे फेलिक्स त्याच्याकडून पैसे मिळतील या आशेने त्याला वारंवार बोलावत राहिला. पौलाने दिले नाहीत. दोन वर्षं गेली, पुर्क्य फेस्त त्या जागी आला आणि फेलिक्स पौलाला कैदेतच ठेवून निघून गेला. प्रेषितांची कृत्ये 24:26-27 मध्ये हे कोरडेपणाने लिहिलं आहे, कुठला चमत्कार नाही. मैदान मिळालं नाही तर घरोघरी वाटा. त्याला तीन माणसं जास्त लागतील आणि दोन दिवस.

सगळ्या जगाची नोंदणी करा, असा रोमी बादशहा कैसर औगुस्ताचा हुकूम सुटला, म्हणून मरीया आणि योसेफाला अवघडलेल्या दिवसांत बेथलेहेम गाठावं लागलं. पुढे हेरोदाच्या भीतीने रातोरात मिसर देशात पळावं लागलं. कैसर गादीवर, हेरोद गादीवर, आणि देव मात्र गोठ्यात येऊन राहिला. राज्य सुधारेपर्यंत तो थांबला नाही यातच माझी आशा आहे, बाळ, आणि म्हणून ‘पृथ्वीवर शांती’ मी पूर्ण आवाजात गाते. तूही गा.

24 तारखेच्या रात्रीची उपासना संपली की पेटी तेव्हाच मोजा, सकाळवर ढकलू नका. सगळे दमलेले असतात आणि ‘उद्या बघू’ म्हणतात. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना आजच सांगून ठेव. पावतीपुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का तेही वाटपाआधी तपास.

तुझी,
आई