आधी मीटर, मग पाना

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. दोनदा वाचली, दुसऱ्या वेळी चष्मा लावून. एलईडी हेडलाइट, अलॉय आणि रुंद टायर, स्पोर्ट्स एअर फिल्टर, नवा म्युझिक सिस्टिम. आणि तळाशी बारीक अक्षरांत, जणू लाजत लाजत: ब्रेक दाबला की करकर, स्टेअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडे ओढते, वळणावर पुढून कुठूनतरी टणटण. अगं, सोळा वर्षांच्या गाडीची यादी तळापासून वर वाचायची असते. टणटणचं शेवटी सांगते, त्यात माझाही हात आहे.

आधी करकर. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीवर, गंजाचा पातळ थर येतो, सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि आवाज जातो. तो सोडून दे. पण दिवसभर करकरत असेल तर चाक काढून पॅड बघ, ब्रेक दाबला की डिस्कला चिमटा घेतात ते. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारीक जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम ओरडते. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदल, आणि बदलशील तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम बदल. एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना ठेवलास तर ब्रेक मारताना गाडी तिरकी जाईल. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग, काढला की तो ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. ज्या पिनांवर तो मागेपुढे सरकतो त्या पुसून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लाव. पॅडला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

आता ऐक. तू दुसरीत होतीस तेव्हा मी आयुष्यातले पहिले पॅड बदलले. नवा पॅड जाड, म्हणून कॅलिपरचा पिस्टन आत ढकलला, सगळं नीट बसवलं, चाक आवळलं, हात धुतले, गाडी सुरू केली आणि उतारावरून मागे घेतली. ब्रेक दाबला तर पेडल थेट जमिनीला. पिस्टन आत गेलेला, पॅड आणि डिस्क यांच्यात फट, आणि ती भरून काढण्यासाठी इंजिन लावायच्या आधीच पेडल दहा-बारा वेळा दाबायचं असतं हे मी विसरले होते. हँडब्रेक वेगळ्या केबलने मागच्या चाकांवर चालतो म्हणून त्या दिवशी फक्त एक कुंडी गेली. तुझ्या बाबांना मी वाऱ्याने पडली असं सांगितलं. अजून त्यांना तेच वाटतं, तेव्हा हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

ब्रेक ऑइल कधी बदललंय ते डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या निळ्या वहीत आहे. दोन वर्षं उलटली असतील तर बदलून घे. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १५५ अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की आतलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखं लागतं. बाटली उघडून वर्षभर ठेवलेलं ऑइल वापरायचं नाही, आणि गाडीच्या रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धू, रंग खातं ते.

गाडी डावीकडे ओढते म्हणून लगेच अलाइनमेंटला, चाकांचे कोन जुळवून घ्यायला, धावू नकोस. सकाळी टायर थंड असताना चारही चाकांची हवा मोज. पुढची दोन्ही सारखी असूनही ओढत असेल तर पुढची चाकं डावी-उजवी अदलाबदल करून बघ (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नकोस). ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर थोडं चालवून आल्यावर चाकांजवळ हात ने, डिस्कला लावायचा नाही. डावं चाक जास्त तापलेलं वाटलं तर तो ब्रेक अडकून राहतोय, आणि तुझी करकर नि ओढ एकाच घरातल्या निघतील. मला तोच संशय आहे. यातलं काहीच नसेल तर मग अलाइनमेंट.

चाक काढताना नट आधी सैल कर, मग गाडी उचल. सपाट जमीन, गाडी गिअरमध्ये, उचलायच्या चाकाच्या तिरप्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा ठोकळा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. तेल गळून तो खाली बसू शकतो, कलंडू शकतो. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाणार असेल तर लोखंडी जॅक स्टँड हवेतच. विटा रचून नाही, वीट आवाज न करता फुटते. याबाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही. परत बसवताना नट चांदणीसारखे समोरासमोरचे आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघायचे.

आता तुझे दिवे. रात्री नीट दिसत नाही ही तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा आहे. आपल्या गाडीत एच ४ बल्ब आहे, ६०/५५ वॉटचा. दिव्याच्या आत बल्बमागे असलेला आरसा त्या बल्बमधल्या बारीक तारेच्या नेमक्या जागेभोवती घडवलेला असतो. तिथे एलईडीच्या चकत्या बसवल्या की प्रकाश निघतो भरपूर, पण वाट्टेल तिकडे जातो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुला तुझ्या नाकासमोरचा रस्ता लख्ख दिसून लांबचा खड्डा दिसत नाही. बऱ्याच देशांत असा बदल नियमातही बसत नाही.

मग उजेड गेला कुठे? दोन ठिकाणी गेला असेल. एक तर काच, जी काच नसून पॉलिकार्बोनेट आहे. तिच्यावरचा उन्हापासून वाचवणारा लेप झिजला की ती पिवळी पडते. भोवतीच्या रंगावर कागदी टेप लाव, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात कर, मग १५००, मग २५००, सतत पाणी मारत. काच आधीपेक्षा वाईट, दुधासारखी होईल. तिथे घाबरून थांबू नकोस, पुढे पॉलिश केलं की लख्ख होते. आणि शेवटी यूव्ही लेप मारायलाच हवा. तो टाळलास तर काही महिन्यांत पिवळेपणा परत.

दुसरं ठिकाण तारा. मल्टिमीटर काढ, व्होल्ट मोजायचा तो. इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोज, मग बल्बच्या सॉकेटच्या मागे, बल्ब जळत असताना मोज. समज बॅटरीवर १४.० व्होल्ट आले आणि बल्बवर १२.६. मधले १.४ व्होल्ट जुन्या तारांनी, स्विचने आणि गंजलेल्या अर्थिंगने खाल्ले. दहा टक्के म्हणजे फार नाही असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की साधारण तीस टक्के उजेड जातो. तू तोच तीस टक्के उजेड विकत आणायला निघाली होतीस.

अर्थिंग आधी बघ. जिथे काळी तार बॉडीला बोल्टने बसते ती जागा उघड, गंज आणि रंग घासून चकचकीत पत्रा दिसू दे, घट्ट आवळ, वरून पेट्रोलियम जेली लाव. एवढ्यानेही फरक नाही पडला तर रिले बसव. आत्ता दोन बल्बचा मिळून दहा अँपिअर करंट त्या बोटभर स्विचमधून लांबचा फेरा मारून जातो. रिले लावला की स्विचने नुसती खूण करायची, खरा करंट बॅटरीवरून जाड तारेने थेट दिव्याला जातो. तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. तार कुठे घासली गेली तर फ्यूज उडावा, तार पेटू नये. बल्बच्या काचेला बोट लावू नकोस. हाताचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

स्पोर्ट्स फिल्टर नको. कंपनीचा फिल्टर बाहेरची थंड हवा नळीतून ओढतो, तो उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढेल. आवाज वाढेल, आणि आवाज वाढला की वेग वाढला असं वाटतं. गाडी पिकअप घेत नाही म्हणतेस तर साधा कागदी फिल्टर बदल, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ कर आणि ठिणगी पाडणारे प्लग काढून बघ. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. ते दिसलं तर फोटो पाठव. प्लग इंजिन पूर्ण थंड असतानाच काढायचे, प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याचे आटे गेले की खर्च प्लगचा राहत नाही. बसवताना पाना लावायचाच नाही आधी. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या मागच्या टोकावर खोच आणि नळीने फिरव. आटे तिरके बसायला लागले की नळी निसटून नुसती फिरते, पुढे जातच नाही. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवली, आणि त्याआधी मी एक हेड खराब केलं होतं.

चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड आला तर ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकू नकोस. तो कोड एवढंच म्हणतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. सोळा वर्षांच्या गाडीत एखादी व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली असण्याची शक्यता किती तरी जास्त.

अलॉयचं म्हणशील तर गणित कर. आपलं चाक १५५/८० आर १३ (रुंदी मिलिमीटरमध्ये, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), बाहेरचा व्यास ५७८ मिलिमीटर. १७५/६५ आर १४ घेतलंस तर ५८३, म्हणजे स्पीडोमीटर जवळजवळ खरं बोलेल. त्याच्या पुढे जाऊ नकोस, कमानीला घासेल आणि स्टेअरिंग जड होईल. पण आधी आत्ताच्या टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच. ३५१७ असेल तर तो २०१७ सालच्या ३५व्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी तेवढ्या जुन्या रबरावर तू हायवेला जाऊ नयेस. रिम तेच ठेवून चार चांगले टायर घेतलेस तर मला जास्त आवडेल, फोटोत तसं चांगलं नाही दिसणार.

म्युझिक सिस्टिम बसव, खुशाल. फक्त तारा रंगावरून ओळखू नकोस, मीटरने ओळख. बहुतेक नव्या सिस्टिममध्ये पिवळी कायमची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंग, पण जुन्या गाडीतल्या तारा तसंच बोलतील याची खात्री नाही. लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या तारेला जोडल्या तर सिस्टिम कधी झोपतच नाही, आणि चार दिवसांनी बॅटरी बसते. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालायचा नाही. फ्यूज तारेच्या जाडीवर ठरतो, आपल्या घाईवर नाही. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी जोडायची. उलट केलंस आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या बघशील.

एअरबॅग, सस्पेन्शनची स्प्रिंग, एसीचा गॅस आणि टायमिंग बेल्ट यांना हात लावू नकोस, ती कामं बाहेर द्यायची. बेल्ट कधी बदलला ते वहीत आहे. आपल्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, तेव्हा वहीतली तारीख आजच बघ.

रविवारी फोन करशील तेव्हा दोन आकडे तयार ठेव, दिवे चालू असताना बॅटरीवर किती आणि बल्बवर किती. आणि डावं चाक तापतंय का ते. मग उरलेल्या यादीचं बोलू.

तुझी,
आई

ता. क. दहाची गोटी (पान्याला लावायची, दहा मिलिमीटरच्या नटाची) डब्यात सापडणार नाही. तीन वर्षांपूर्वी हॉर्न बदलताना माझ्या हातून ती बंपरच्या आत पडली. वळणावर टणटण करते ती तीच. काढलीस की डब्यात ठेव, तोवर दुसरी घेऊ नकोस.